मान्य व कबूल नाही

मे महिन्यातली दुपार होती. कोल्हापुरात कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात सुट्टीची शांतता होती आणि माझ्या ऑफिसात पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर काही ना काही ठेवलेले होते. समोरच्या लांब टेबलाशी लॉच्या चौथ्या वर्षाची एक मुलगी बसली होती. चार आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी आलेली, शिरोळ तालुक्यातून रोज एसटीने ये-जा करणारी. मी तिला एक साधे वाटणारे काम दिले होते. नदीकाठच्या एका गावातील लोकांनी प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, अर्ज केला होता की, वरच्या अंगाच्या एका स्थानिक संस्थेचे सांडपाणी नाल्यातून सरळ पंचगंगेत येते आणि त्याचा बंदोबस्त करावा. त्या संस्थेची वकील म्हणून मला तिचे म्हणणे, म्हणजे अर्जाला लेखी उत्तर, दाखल करायचे होते. अर्जाच्या प्रत्येक कलमाला उत्तर लिहून कच्चा मसुदा तयार कर, एवढेच मी तिला सांगितले होते. जुन्या म्हणण्याची एक प्रत नमुना म्हणून दिली होती. तिने पहिली तीन कलमे सुवाच्य अक्षरात लिहून काढली आणि चौथ्याशी थांबली.

“मॅडम, चौथ्या कलमात काय लिहू?”

“वरच्या तिन्हीत लिहिलंस तेच. अर्जातील मजकूर खरा व बरोबर नसून तो सामनेवाले यांना मान्य व कबूल नाही.”

ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, “पण मॅडम, हे मी बघितलंय. गेल्या महिन्यात बाबांच्या बरोबर बंधाऱ्यावर गेले होते. पाणी काळं झालं होतं, मासे पालथे होऊन तरंगत होते. आमचं गाव यांच्या गावाला लागूनच आहे. मग खरं नाही असं कसं लिहायचं?” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आव्हानही नव्हते. वहीत लिहिण्याआधी शब्दाचा अर्थ विचारावा तसे तिने विचारले होते. मी घड्याळाकडे पाहिले, प्रांत कचेरीत जायची वेळ झाली असल्याचे सांगितले आणि निघाले. वेळ खरोखरच झाली होती. तरीही वेळ झाली म्हणून मी उठले नाही, हे मला जिना उतरतानाच कळले होते.

हे वाक्य मी किती वेळा लिहिले असेल, याचा मी कधी हिशेब ठेवला नाही. मराठीत म्हणणे लिहिणाऱ्या कोणत्याही वकिलाच्या हाताला ते आपसूक येते. त्यात ‘मान्य’ आणि ‘कबूल’ हे एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी का बसले, हेही कोणी विचारत नाही. जुन्या कचेऱ्यांच्या भाषेतून ते चालत आले, म्हातारे कारकून ते एका दमात म्हणत आणि नवे वकील ते टंकलेखकाच्या यंत्रात आधीपासूनच साठवून ठेवतात. त्यामागे कायद्याचे एक साधे कारण आहे. दिवाणी कामात जे स्पष्टपणे नाकारले नाही, ते कबूल केले असे धरले जाऊ शकते. म्हणून वकील आधी सगळे नाकारतो आणि मग सावकाश आपली बाजू मांडतो. भाऊबंदकीच्या दाव्यात किंवा बांधाच्या भांडणात ही सावधगिरी योग्यच आहे, कारण तिथे दोन्ही बाजूंना आपापले हित असते आणि खरे काय ते साक्षीपुराव्यातून निघते. नदीच्या प्रकरणात मात्र नाकारणारी बाजू सरकारची असते आणि जे नाकारायचे ते त्याच सरकारच्या दुसऱ्या एखाद्या कार्यालयाच्या तपासणी अहवालात लिहिलेले असते. माझ्या कपाटाच्या एका खणात प्रदूषण रोखणाऱ्या कार्यालयाच्या बाजूचे कागद आहेत, दुसऱ्या खणात ज्यांच्यावर ठपका आहे अशा खात्यांचे. प्रकरणे वेगवेगळी आहेत, पक्षकारही वेगळे आहेत, पण नदी एकच आहे. इतकी वर्षे मी हे दोन खण उघडत आणि मिटत आले. त्या मुलीने ते एकाच वेळी उघडून माझ्यासमोर ठेवले.

उन्हाळी इंटर्नशिपची एक अडचण अशी की, विद्यार्थी येतात तेव्हा न्यायालयांना सुट्टी असते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान २० आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान १२ आठवडे इंटर्नशिप करावी लागते आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. परीक्षा संपतात, मुले मोकळी होतात, पदर खोचून कामाला यायची तयारी असते आणि इकडे बोर्डावर, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामांच्या यादीत, काही नसते. उलटतपासणी नाही, युक्तिवाद नाही, काळ्या कोटांची धावपळ नाही. उरतात ते कागद. बरीच मुले दुसऱ्या आठवड्यात कंटाळतात आणि काही तर पहिल्याच दिवशी विचारतात की रोज यायलाच हवे का. मात्र महसुली कचेऱ्यांना सुट्टी नसते. प्रांतांपुढची कामे चालू राहतात. आणि नदीसाठी तर एप्रिल-मे हेच महिने सर्वांत वाईट असतात. प्रवाह थांबतो, बंधाऱ्यांच्या मागे पाणी साचून राहते, केंदाळ, म्हणजे जलपर्णी, दोन्ही काठ गाठते आणि जे काही नाल्यांतून येते ते पातळ करायला नदीत पुरेसे पाणीच नसते. पावसाळ्यात जी नदी शहरात शिरते, २०१९ ला आणि २०२१ ला शिरली तशी, ती मे महिन्यात खालच्या बंधाऱ्यांवर पाहिली तर ओळखू येत नाही. पर्यावरणाचा कायदा शिकायला कोणी विद्यार्थी येणार असेल तर त्याने याच महिन्यात यावे, असे मला मनापासून वाटते.

मी स्वतः आले होते ती २००९ च्या उन्हाळ्यात. तेव्हा पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या हरित न्यायाधिकरणाचा कायदा व्हायचा होता आणि कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच मिळेल हे आंदोलनाच्या फलकांवरच लिहिलेले असायचे. उच्च न्यायालयातले काम म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी मुंबई, दिवसभर बोर्डाकडे डोळे लावून बसणे आणि पुन्हा रात्रीची गाडी. ज्या ज्येष्ठ सरकारी वकिलांकडे मी काम शिकायला गेले, त्यांच्या बॅगेत दात घासायचा ब्रश आणि टॉवेल कायम असे. त्यांना सगळे साहेब म्हणत. त्यांनी मला पहिले तीन दिवस एका कार्यालयाच्या बारनिशीत बसवले. आलेल्या टपालावर शिक्का मारणे, क्रमांक घालणे, कोणत्या टेबलाला गेले ते लिहिणे. मी घटनेतले पर्यावरण रक्षणाचे ४८-अ कलम पाठ करून गेले होते, ते आणणाऱ्या १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीवर टिपण काढले होते, आणि मला दिला गेला तो डिंकाचा बाटला आणि जांभळ्या शाईचा पॅड. चौथ्या दिवशी मी साहेबांना विचारले की, मला कायद्याचे काम कधी मिळेल. ते म्हणाले, “गावकऱ्यांचा तक्रार अर्ज कोणत्या तारखेला आला आणि नमुना घ्यायला माणूस कोणत्या तारखेला गेला, हे तुला आता सांगता येईल का?” मला सांगता आले. मधे १९ दिवस गेले होते. “मग कायद्याचंच काम करतेस,” ते म्हणाले.

त्याच महिन्यात मला एक जुनी नस्ती, म्हणजे फाइल, वाचायला मिळाली. एका कारखान्याविरुद्धचा, कधीच निकालात निघालेला फौजदारी खटला होता. कारखाना कोणता, कार्यालय कोणते, याला आता महत्त्व नाही. सांडपाण्याचा नमुना घेतलेला होता, प्रयोगशाळेचा अहवाल होता, जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप, मर्यादेच्या कितीतरी पट होती. मी उत्साहाने पाने उलटत निकालापर्यंत गेले आणि आरोपी निर्दोष सुटल्याचे वाचले. १९७४ च्या जल कायद्याचे २१ वे कलम सांगते की, नमुना तपासणीसाठी घेत असल्याची नोटीस तिथल्या तिथे द्यायची, जागेच्या ताबेदारासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांवर खूण करून त्या मोहोरबंद करायच्या आणि घेणाऱ्याने व ताबेदाराने दोघांनीही त्यांवर सह्या करायच्या. ताबेदार मुद्दाम टाळत असेल तर काय करायचे, याचीही वाट कायद्याने दिली आहे. यातले काही राहिले तर तो अहवाल पुराव्यात येत नाही. त्या खटल्यात बाटलीवर ताबेदाराची सही नव्हती आणि ती का नाही याची एक ओळही पंचनाम्यात नव्हती.

एक सही.

मी त्या दिवशी रडले नाही, पण डबाही उघडला नाही. संध्याकाळी साहेबांना म्हटले की, हा न्याय नव्हे, नदी खरोखर घाण झाली होती आणि ते सगळ्यांना माहीत होते. त्यांनी मला समजावले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एका क्षेत्र अधिकाऱ्याबरोबर नमुना घ्यायला पाठवले. तो माणूस नाल्याच्या कडेला उकिडवा बसला, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली, भरली, बूच घट्ट केले, कापड बांधले, मेणबत्तीवर लाख वितळवून ठिबकवली आणि पितळी मोहोर दाबली. लाखेचा जळका गोड वास आणि नाल्याची दुर्गंधी एकत्र नाकात गेली, ती अजून तशीच्या तशी आठवते. चिठ्ठीवर त्याने पेन्सिलने लिहिले. मी पेन पुढे केला तर म्हणाला, “बाई, शाई पाण्यानं फुटती. पेन्सिल ऱ्हाती.” बर्फाच्या डब्यात बाटली ठेवताना त्याने ती अशी धरली होती, जसे झोपलेले मूल पाळण्यात ठेवावे. नदीच्या बाजूने उभे राहणे म्हणजे काय, हे मला पुस्तकाने सांगितले नव्हते. ते त्या हातांत दिसले. तो सरकारी नोकर होता आणि दिवसभराच्या भत्त्याशिवाय त्याला त्यातून काही मिळायचे नव्हते.

मात्र एवढ्यावर गोष्ट संपत नाही आणि म्हणूनच त्या मुलीचा प्रश्न मला जड गेला. कारखान्याविरुद्ध सरकार उभे राहते तेव्हा मनाला काही टोचत नाही. पंचगंगेत मिसळणाऱ्या पाण्यात मात्र घरांचे सांडपाणीही मोठे आहे. कोल्हापूर शहराच्या पोटातून जाणारा जयंती नाला, दुधाळी नाला, खाली इचलकरंजीचा भाग, आणि मधली कित्येक गावे, ज्यांच्या गटारी शेवटी उताराने नदीकडेच जातात. हे पाणी कोणा एका मालकाचे नाही. ते माझ्या स्वयंपाकघराचेही आहे. त्याची जबाबदारी स्थानिक संस्थेची आणि त्या संस्थेला पैसे, जागा, मंजुरी देणाऱ्या खात्यांची. जल कायद्याच्या ४८ व्या कलमात सरकारी खात्याने कायदा मोडला तर खातेप्रमुखाला जबाबदार धरण्याची तरतूद आहे. विद्यार्थ्यांना हे वाचून दाखवले की त्यांचे डोळे मोठे होतात. त्याहून जुनी गोष्ट रतलामची. तिथल्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली, नगरपालिकेने पैसे नाहीत असे सांगितले आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालात, ही सबब चालणार नाही असे ठरवले. उपद्रव दूर करण्याचा आदेश देणारे फौजदारी प्रक्रिया संहितेचे ते १३३ वे कलम होते. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १५२ वे झाले आहे. आमच्या टेबलावरचा गावकऱ्यांचा अर्ज याच कलमाखाली होता. त्यांनी हा मार्ग का धरला, हेही समजण्यासारखे आहे. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात जायचे तर वकील, प्रवास, इंग्रजी कागद, आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत. प्रांतांकडे मराठीत, साध्या कागदावर, आपल्या शब्दांत लिहिता येते. अर्जाच्या त्या चौथ्या कलमात त्यांनी लिहिले होते की, जनावरे पाण्याला तोंड लावत नाहीत. कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालात हा रकाना नसतो.

मी स्वतः शहरात राहते. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे थेट पाइपलाइनचे पाणी शहरात आले तेव्हा आमच्या गल्लीत लोकांनी पहिले पाणी भरून त्याची पूजा केली आणि मीही त्या आनंदात होते. शहराचे वर्षानुवर्षांचे गाऱ्हाणे होते ते. तरी एक भीती तेव्हापासून माझ्या मनात आहे. ज्या नदीचे पाणी आपण पीत नाही, तिच्याकडे आपले डोळे किती दिवस राहतील? खालच्या गावांना थेट पाइपलाइन नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा दूषित पाण्याने माणसे दगावली. नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला जाणारा भाविक संगमाच्या पाण्यात उतरतो तेव्हा प्रयाग चिखलीपासून खाली पंचगंगेला येऊन मिळालेले सगळे काही त्याच्या ओंजळीत येते. ती मुलगी या खालच्या काठाची होती. मी वरच्या काठाची. आम्ही एकाच टेबलाशी बसून एकाच कागदावर उत्तर लिहीत होतो.

आमच्याकडची हुशार मुले इंटर्नशिपसाठी दिल्ली-मुंबईकडे पाहतात, आणि त्यात काही वावगे नाही. दिल्लीच्या न्यायाधिकरणात बसून मोठमोठे युक्तिवाद ऐकण्याचा लाभ मोठा आहे. पण तिथली खोली, मेस आणि प्रवास ज्यांना परवडतो तेच जातात. इथे आमच्यापैकी बहुतेकजण विद्यार्थ्याला चहापलीकडे काही देत नाहीत, आणि शिरोळहून रोज एसटीने येणाऱ्या मुलीकडून महिनाभर काम करून घेऊन तिला तिकिटाचे पैसेही न देणे मला आता योग्य वाटत नाही. यंदापासून मी ते देते. उशीरच झाला.

प्रांत कचेरीतून त्या दिवशी परतले तेव्हा ती गेली होती. मसुदा टेबलावर होता आणि चौथ्या कलमासमोरची जागा तिने कोरी ठेवली होती. खोडले नव्हते, प्रश्नचिन्हही नव्हते. मी रात्री घरी गेले, जेवले, आणि ती कोरी जागा डोळ्यांपुढून हलेना. साहेब आता नाहीत. असते तर त्यांना फोन केला असता. पक्षकाराचे हित बघणे हे माझे कर्तव्य आहे, हे मला माहीत आहे. पण पक्षकार म्हणजे त्या खुर्चीत आज बसलेला अधिकारी, की ज्या संस्थेला उद्याही याच नदीकाठी राहायचे आहे ती संस्था? सगळे नाकारले तर प्रांत चौकशी लावणार, पाहणी होणार आणि आपल्याच सहीचे म्हणणे आपल्यासमोर खोटे ठरणार. हा व्यवहाराचा विचार होता आणि तो पुरेसा होता. तरी मला कबूल केले पाहिजे की, तो विचार मला आधी सुचला नाही. आधी सुचली ती तिची कोरी जागा.

पुढच्या आठवड्यात संयुक्त पाहणी होती. प्रांतांचे प्रतिनिधी, संस्थेचे अभियंता, क्षेत्र अधिकारी आणि अर्जदारांपैकी दोन म्हातारे शेतकरी असे सगळे नाल्याच्या मुखाशी जमले. मी परवानगी घेऊन तिलाही नेले होते, फक्त पाहण्यासाठी. दुपारी चारची वेळ, पश्चिमेला वळवाचे ढग चढत होते आणि उसाच्या फडातून गरम वारा येत होता. क्षेत्र अधिकारी आता तरुण आहे, त्याच्याकडे ठिकाण नोंदवणारा मोबाइल आणि प्लास्टिकची सिले आहेत. पण बंधाऱ्याखालच्या पाण्यातला ऑक्सिजन पाहायची रीत तीच आहे. त्याने काचेची बाटली बुडबुडा न येऊ देता पाण्याखालीच भरली, पिपेटने आधी मँगनीज सल्फेट सोडले, मग अल्कली आयोडाइड, बूच लावून बाटली खालीवर फिरवली आणि दगडावर ठेवली. पाण्यात प्राणवायू असेल तर आत तपकिरी साका धरतो. आम्ही सगळे त्या बाटलीभोवती वाकून उभे राहिलो, अभियंतासुद्धा. साका हळूहळू खाली बसला. तो पांढरा होता, दुधात लिंबू पिळल्यासारखा.

कोणी काही बोलले नाही. म्हाताऱ्यांपैकी एकाने विचारले, “पांढरं म्हंजे चांगलं न्हवं का?” क्षेत्र अधिकाऱ्याने मान हलवून नाही म्हटले. मग तो नाल्याच्या तोंडाशी गेला, सांडपाण्याचा नमुना घेतला, तो दोन बाटल्यांत वाटला आणि त्या सिलबंद करून अभियंत्यापुढे सहीसाठी धरल्या. तेवढ्यात मोठे थेंब पडू लागले. अभियंत्याच्या हातातल्या पेनाची शाई चिठ्ठीवर फुटली. त्या मुलीने केसांत खोवलेली पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली. मी तिला ती जुनी गोष्ट कधी सांगितली नव्हती. अभियंत्याने दोन्ही चिठ्ठ्यांवर सही केली, भिजत उभे राहून, आणि सही करताना त्याचा हात थांबला नाही, याची मी मनात नोंद घेतली.

चौथे कलम तिने दुसऱ्या दिवशी लिहिले. मी दोन शब्द बदलले. आता ते असे आहे: “अर्जातील कलम ४ मधील मजकूर, बंधाऱ्याखालील पाण्याच्या स्थितीपुरता, संयुक्त पाहणीच्या अनुषंगाने सामनेवाले यांना मान्य आहे. सदर स्थितीस केवळ सामनेवाले जबाबदार असल्याचे मात्र मान्य नाही.” त्याखाली उपाययोजनेची जागा मोकळी सोडली आहे. कोणता नाला किती दिवसांत अडवून वळवणार, हे संस्थेनेच लिहायचे. मसुदा घेऊन संस्थेचा माणूस गेला, तेव्हा त्याने चौथे कलम दोनदा वाचले आणि म्हणाला, “मॅडम, हे वर दाखवावं लागेल.” मी म्हटले, दाखवा.

आज आठवा दिवस आहे. मसुदा वरून आलेला नाही. तिचे चार आठवडे शुक्रवारी संपतात. काल संध्याकाळी इंटर्नशिपच्या डायरीवर माझी सही घेऊन ती निघाली, दारातून परत वळली आणि चौथ्या कलमाचे काय झाले ते कळवाल का, असे तिने विचारले. तिचा नंबर मी त्या नस्तीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला आहे, पेन्सिलने.